बिलात ‘८०’ दिसला म्हणजे फसवलं असं नाही

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. सार असं: ऑपरेशनच्या बिलात एकच कोड दोनदा असेल आणि दुसऱ्यापुढे ८०, ८२ किंवा ‘एएस’ असेल, तर एकाच ऑपरेशनचे दोनदा पैसे उकळले जात आहेत; दुसरा माणूस डॉक्टरच नसतो, नाहीतर शिकाऊ असतो; ते बिल सरळ फाडून टाका. तिथल्या बिलांचा लोकांनी धसका घेतलाय, हे समजतं. पण हा सल्ला अंगलट येईल.

‘एकच कोड दोनदा म्हणजे लबाडी.’ लबाडी नाही, कोड दोनदा लावायचा नियमच आहे. अमेरिकेत प्रत्येक ऑपरेशनला बिलासाठी एक ठरलेला आकडा असतो, तो सीपीटी कोड; गुडघा बदलण्याचा २७४४७. मुख्य सर्जन तो तसाच लावतो. मदतीला उभा असलेला सर्जन त्याच कोडला ८० हा मॉडिफायर, म्हणजे आपली भूमिका सांगणारी खूण, जोडतो. पुण्यात, नवी मुंबईत बसून अमेरिकन क्लेमचं कोडिंग करणाऱ्या कुणालाही विचारा: मदतनीसाचा कोड मॉडिफायरशिवाय गेला, तर खरा घोळ होतो.

‘दोघांना पूर्ण पैसे मिळतात.’ मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या तिथल्या सरकारी विम्यात, मदतनीस डॉक्टरला त्या ऑपरेशनच्या ठरलेल्या दराच्या १६ टक्केच मिळतात. खासगी विम्यांचे टक्के वेगळे. बरोबरीने ऑपरेशन करणाऱ्या दोन सर्जनांसाठी ६२ हा निराळा मॉडिफायर आहे. तिथे प्रत्येकी ६२.५ टक्के.

आणि मदतनीसाचे पैसे दर वेळी मिळतात असंही नाही. मेडिकेअरच्या दरपत्रकात प्रत्येक कोडपुढे एक आकडा असतो. २ असेल तर पैसे मिळू शकतात, ० असेल तर मदतनीसाची गरज का पडली ते कागदपत्रांनी दाखवावं लागतं, १ असेल तर मिळत नाहीत. देशभरात ५ टक्क्यांहून कमी वेळा मदतनीस लागतो अशा ऑपरेशनांवर ही बंदी आहे, आणि तिथे ते पैसे पेशंटकडून मागायलाही मनाई आहे. मोतीबिंदूला तर कायद्यानेच पूर्वमंजुरीशिवाय मदतनीसाचे पैसे बंद. लबाडी हुडकायचीच असेल तर ती इथे हुडकावी. निरोपात यातलं अवाक्षर नाही.

‘एएस म्हणजे डॉक्टर नसलेला माणूस.’ हे खरं, पण त्यात लपवाछपवी कुठे? फिजिशियन असिस्टंट किंवा नर्स प्रॅक्टिशनर (डॉक्टर नसलेले, पण खास प्रशिक्षण घेतलेले परवानाधारक) मदतीला होता, हेच ‘एएस’ उघड सांगतो. त्याला १६ टक्क्यांचे ८५ टक्के, म्हणजे १३.६ टक्के मिळतात.

‘८२ म्हणजे शिकाऊ डॉक्टर.’ हे तर साफ उलटं. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात योग्य रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) उपलब्ध नव्हता, म्हणून दुसरा सर्जन घ्यावा लागला, असं तो सांगतो.

मग लोक घाबरतात ते उगाच? नाही. २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मानेच्या ऑपरेशनची एक हकिगत छापली होती: मुख्य सर्जनने विम्याकडून सुमारे ६,२०० डॉलर घेतले, आणि पेशंटने कधी नावही न ऐकलेल्या मदतनीसाचं बिल १,१७,००० डॉलरचं. तो विमा कंपनीच्या नेटवर्कबाहेरचा होता, म्हणजे कंपनीशी दराचा करार नसलेला. कोडपेक्षा दुखणं होतं ते या ‘नेटवर्कबाहेर’मध्ये. १ जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस ॲक्ट’ने त्यालाच हात घातला: हॉस्पिटल नेटवर्कमधलं असेल, तर बाहेरचा मदतनीस सर्जन पेशंटकडून नेटवर्कच्या हिश्शाहून जास्त मागू शकत नाही. संमतिपत्रावर सही घेऊनसुद्धा नाही.

म्हणून बिल फाडू नका. विमा कंपनीच्या खुलाशात ‘तुमचा हिस्सा’ किती लिहिलाय ते पाहा, जास्त मागितलं असेल तर याच कायद्याचं नाव घेऊन लेखी हरकत घ्या. नुसतं गप्प बसलात तर थकबाकी वसुलीवाल्यांकडे जाते.

भारतातून आलेल्या आई-वडिलांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या पॉलिसी बहुतेक प्रवास विमा किंवा अल्पमुदतीचा विमा यांत मोडतात, आणि त्यांना या कायद्याचं कवच नसतं. त्यांचं ऑपरेशन ठरलं तर मदतनीस असणार का, कोण, आणि त्याचं बिल वेगळं येणार का, हे सर्जनच्या ऑफिसकडून आधीच लेखी मागवा.