काका, मायक्रोसॉफ्ट तुमचं २०% नेट खात नाहीये

गावच्या ग्रुपवर परवा तो मेसेज परत आला. "लॅपटॉपवर नेट स्लो चालतंय? विंडोज तुमचं २०% नेट स्वतःकडे दाबून ठेवतं!! या ट्रिक करा, स्पीड डबल, १० जणांना पाठवा." काकांनी टाकलेला म्हणून तिथे गप्प बसलो, पण खाली अंगठ्यांची रांग लागलेली बघून राहवेना. मागच्या पावसाळ्यात महिनाभर गावी, संगमेश्वरकडे होतो, फायबर तुटलेली, काम लॅपटॉपवर आणि नेट फोनच्या हॉटस्पॉटचं, दिवसाचा डेटा दुपारी जेवायच्या आतच संपायचा आणि मग रात्री बारापर्यंत ६४ केबीपीएसचा स्पीड. म्हणजे या विषयातलं आपलं शिक्षण बऱ्यापैकी झालंय.

आधी ६४ म्हणजे किती ते बघा, कारण मेसेजमध्ये तेच कुठे नाहीये. केबीपीएसमधला बी हा बिटचा, बाइटचा नाही, ८ ने भागायचं, म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. आजकाल साधं बातमीचं पान २ एमबीच्या पुढे सहज जातं, म्हणजे एक पान उघडायला सव्वाचार मिनिटं, तेही सगळं सुरळीत चाललं तर. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणायला २००४ साली २५६ केबीपीएस लागायचे, २०२३ पासून २ एमबीपीएस लागतात, आणि आम्ही २००४ च्याही पाव हिश्श्यात बसलेलो. इथे डबल करायला मुळात आहे काय?

आता एकेक ट्रिक घेऊ.

"विंडोज २०% नेट राखून ठेवतं, ग्रुप पॉलिसीत जाऊन शून्य करा." ही अफवा विंडोज एक्सपीच्या काळातली आहे, तेव्हा जन्मलेली पोरं आता नोकरीला लागली. ग्रुप पॉलिसी म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचं खातं, तिथे ते सेटिंग खरंच आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. एखाद्या प्रोग्रामने "माझा डेटा आधी जाऊ दे" असं मुद्दाम मागितलं तर त्याला जास्तीत जास्त किती राखून द्यायचं, त्याची ती मर्यादा आहे. कोणी मागितलंच नाही तर १००% सगळ्यांना खुलं, आणि मागणारा वापरत नसेल तरी बाकीच्यांना खुलंच. मायक्रोसॉफ्टने हे तेव्हाच लिहून सांगितलं होतं. शून्य केल्याने काही बिघडत नाही आणि काही मिळतही नाही.

"रोज कॅशे आणि कुकीज साफ करा, शक्यतो इनकॉग्निटो वापरा." हा सगळ्यात वाईट सल्ला, यानेच माणसं स्वतःचं नेट आणखी स्लो करून घेतात. कॅशे म्हणजे साइटचा लोगो, फॉन्ट, स्क्रिप्ट एकदा उतरवून लॅपटॉपवर ठेवलेल्या, पुढच्या वेळी त्या घरातूनच मिळतात. रोज साफ करणं म्हणजे भरलेले हंडे ओतून द्यायचे आणि परत विहिरीवर जायचं. इनकॉग्निटो, म्हणजे बंद केली की सगळं विसरणारी खिडकी, तिच्यात तर दरवेळी हंडा रिकामाच, शिवाय कुकीज, म्हणजे लॉगिनची आठवण, गेल्यामुळे प्रत्येक ठिकाणी परत लॉगिन. कॅशे कधीतरी, एखादी साइट अर्धवट दिसायला लागली की साफ करावी, तीही त्या साइटपुरती.

"डीएनएस ८.८.८.८ टाका, स्पीड डबल." डीएनएसचं काम साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणं, बस. फोन डिरेक्टरी बदलली म्हणून समोरचा माणूस भरभर बोलायला लागत नाही ना. तुमच्या नेटच्या कंपनीचा डीएनएस मेलेला असेल, म्हणजे पान सुरू व्हायलाच पाच पाच सेकंद लागत असतील, तर फरक पडतो हे मान्य, पण त्यानंतर जो २ एमबीचा माल यायचाय तो त्याच ८ केबीच्या नळीतून येणार.

"फोनवर चालतं आणि लॅपटॉपवर नाही, म्हणजे व्हायरस आहे किंवा रॅम कमी आहे." इथे जरा थांबतो, कारण मी स्वतः यातच दोन दिवस घालवले. फोनवर व्हॉट्सॅप नीट चालू आणि लॅपटॉपवर एक साधा फॉर्म उघडेना, कॅप्चा येईपर्यंत सेशन संपलेलं, परत पहिल्यापासून. मलाही आधी व्हायरसच वाटला. मग स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधून नेटवर्कचा टॅब उघडला, तिथे कुठला प्रोग्राम किती पाठवतोय आणि किती घेतोय ते ओळीने दिसतं. सगळ्यात वर ब्राउझर नव्हताच, क्लाउडवर फोटो चढवणारं सिंक होतं. पुतण्याने आदल्या दिवशी कॅमेऱ्याचं कार्ड लावून गणपतीचे तीनेकशे फोटो पिक्चर्समध्ये टाकलेले, आणि लॅपटॉप बिचारा इमानेइतबारे ते एकेक करून वर पाठवत बसलेला, कोणी न सांगता. त्याच्याखाली विंडोजचं अपडेट.

कारण काय, तर लॅपटॉपला हॉटस्पॉट बऱ्याचदा घरचं वायफायच वाटतं, फुकट आणि अमर्याद. फोन जरा सांभाळून असतो, मोबाइल डेटावर फोटोंचा बॅकअप बहुतेक वेळा थांबवतो, आणि पुष्कळ साइट त्याला लहान चित्रं पाठवतात. आणखी एक गोष्ट, वर चढवणं चालू असलं की खाली उतरवणंही अडकतं, कारण पान मागवायलासुद्धा आधी वर निरोप जावा लागतो आणि तो निरोप मोदकाच्या फोटोंमागे लाइनीत उभा असतो. त्याला रॅम काय करणार? रॅम कमी असेल तर लॅपटॉप अडखळतो, नेट नाही.

उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वायफाय, तुमच्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि "मीटर्ड कनेक्शन" ऑन करा, म्हणजे इथला डेटा मोजून मिळतो हे लॅपटॉपला कळतं. बरीचशी अपडेट्स आपोआप उतरायची थांबतात. सिंक मात्र हाताने पॉज करून टाका, भरवशावर राहू नका. मी हे केलं आणि तो फॉर्म एकदाचा गेला, रात्री अकरा वाजता, पण गेला.

"टॉवरच्या कांड्या फुल्ल आहेत म्हणजे नेट येतंय, पान अडकलं की रिफ्रेश मारत राहा." कांड्या फक्त सिग्नलचा जोर सांगतात, त्याच टॉवरवर अजून किती जण लटकलेत ते नाही. गणपतीत मुंबईवाले घरी आले की कांड्या तेवढ्याच आणि नेट गायब, हे आपल्याकडे सगळ्यांनी बघितलंय. आणि रिफ्रेशने अर्धवट आलेलं बरंचसं वाया जातं, परत मागावं लागतं. त्यापेक्षा चार लिंका मागच्या टॅबमध्ये उघडून ठेवा आणि चहा टाका.

"स्पीड बूस्टर सॉफ्टवेअर टाका." नको. ते उतरवायलाच दिवस जाईल.

मेसेजमध्ये नसलेलं पण खरोखर उपयोगी पडलेलं एवढंच की मागवायचंच कमी. क्रोममध्ये साइट सेटिंग्जमध्ये इमेजेस बंद करता येतात. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ॲड-ऑन टाकलं तर जाहिराती तर जातातच, पण ठरावीक केबीपेक्षा मोठी चित्रं आणि बाहेरून येणारे फॉन्टसुद्धा अडवता येतात. फॉन्टचं आपल्याला जास्त लागू, कारण देवनागरीत जोडाक्षरं असल्यामुळे मराठी फॉन्टची एकेक फाइल शंभर केबीच्या वर सहज जाते, आणि मराठी साइटवाल्यांना जाड, बारीक, मध्यम असे तीन-चार हवेच असतात. अडवला तर विंडोजचा स्वतःचा निर्मला फॉन्ट दिसतो, थोडा रुक्ष, पण वाचता येतं की. नुसता मजकूर किती हलका असतो बघा, देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साधारण ३ बाइट खातं, तरी हा मी लिहिलेला अख्खा पसारा २० केबीच्या आसपास, म्हणजे ६४ केबीपीएसवरही दोन-तीन सेकंदांचं काम. बाकी सव्वाचार मिनिटं आपण जाहिराती आणि आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंसाठी बसतो.

मोठी फाइल असेल तर रात्री बारानंतर, डेटा परत सुरू झाला की लावायची, आणि मध्येच तुटलं तर पुढून उचलणारा डाउनलोडर वापरायचा.

आणि काका, तुमच्या लॅपटॉपवर विंडोज होम आहे, त्यात ते ग्रुप पॉलिसीचं खातंच नसतं, तेव्हा उगाच शोधत बसू नका. मीटर्ड तेवढं ऑन करून ठेवा, चतुर्थीला आलो की बाकीचं मी बघतो.