आज रात्रीची जबाबदारी कोणाची?

झोपडीवाल्यांना फुकट घर आणि आम्ही मात्र वीस वर्षं हप्ते फेडायचे, हा पुण्यातला जुना वाद आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा पेटला. मी लंडनला राहतो म्हणून मला विचारणा झाली: "तुमच्याकडे तर सरकार सगळ्यांना घर देतं ना?"

नाही देत. पण इथे एक गोष्ट आहे जी पुण्यात नाही, आणि फुकट की विकत या भांडणात तिचं नावच निघत नाही.

बेघरांची जबाबदारी कायद्याने स्थानिक कौन्सिलवर, म्हणजे इथल्या महापालिकेवर, टाकली गेली ती १९७७ साली. मुलं घेऊन एखादी बाई कौन्सिलच्या कार्यालयात आली, आज रात्री कुठे जाऊ म्हणाली, तर चौकशी पूर्ण व्हायच्या आधीच तिला तात्पुरती जागा द्यावी लागते. नकार द्यायचा तर लेखी आणि कारणासकट. त्यावर फेरविचार मागता येतो, कोर्टात जाता येतं. यात भोकं आहेत. व्हिसावर आलेल्या आपल्यासारख्या बहुतेकांना हा हक्क नसतो. एकट्या धडधाकट माणसाला मदत करणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक झालं, पण त्याला घर मिळेलच असं नाही. थंडीत दुकानांच्या दारांत झोपलेली माणसं मला इथेही दिसतात. तरीही त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर देणं ज्याच्यावर बंधनकारक आहे, असं एक कार्यालय आहे.

आता पुण्यातली वाघोली. डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मध्यरात्री डंपर गेला. तिघं गेली, त्यांत दोन चिमुकली मुलं. ती कुटुंबं अमरावतीकडून कामासाठी आली होती. चालकावर गुन्हा दाखल झाला, तो व्हायलाच हवा होता. पण ती माणसं रस्त्याकडेला का झोपली होती, याचं उत्तर कोणी द्यायचं?

घर देणाऱ्या आपल्या योजनांत ही माणसं सहसा बसत नाहीत. एसआरएमध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, मोफत घराला १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी लागते, सशुल्क घराला २०११ पूर्वीची. ज्याच्याकडे झोपडीच नाही तो पुरावा कशाचा आणणार? पंतप्रधान आवासमध्ये स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरं छोटी ठेवायची आणि ती म्हाडाच्या सोडतीत जायची, हा नियम चांगला आहे, पण तिथेही अनामत, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं कर्ज आलंच. बहुतेक धडपड मालकीच्या घरासाठी. परवा रात्री गाडीतून उतरलेल्या मजुराला मालकी नको असते. त्याला भाड्याची खोली हवी असते, मजूर अड्ड्यापासून चालत जाता येईल अशी.

आणि बांधकाम मजुराच्या बाबतीत कायदा नव्हता असंही नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचं कलम ३४ सांगत होतं की कामाच्या जागी किंवा जवळपास तात्पुरती निवासाची सोय मालकाने मोफत करायची. पण अड्ड्यावर उभं राहून रोज नवा मालक शोधणाऱ्याला हे कलम कोणापुढे मांडता येणार होतं?

ब्रिटनने काय चुकवलं तेही सांगायला हवं. १९८० पासून भाडेकरूंना कौन्सिलची घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. एकट्या इंग्लंडमध्ये वीस लाखांच्या आसपास घरं विकली गेली आणि त्यांच्या जागी तेवढी बांधली गेली नाहीत. कर्तव्य कागदावर राहिलं, घरं हातची गेली. म्हणून मार्च २०२५ अखेर इंग्लंडमध्ये १ लाख ३१ हजार कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात होती, कित्येक जण हॉटेलच्या एका खोलीत, आणि त्याचं बिल कौन्सिलच भरते. एका खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलांचं वर्णन इथल्या शिक्षकांकडून ऐकलं की पोटात तुटतं. एसआरएतली घरं एकदा वाटली की पुढच्या गरजू माणसासाठी महापालिकेकडे काहीच उरत नाही. मला तीच चूक पुण्यात दिसते.

सरकारला हे जमतच नाही, असं मात्र पुणेकरांनी म्हणू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, हजारो घरं वाहून गेली, आणि त्यानंतर पूरग्रस्तांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगरमध्ये ज्यांची पुढची पिढी वाढली त्यांना विचारा. तेव्हा माणसं उघड्यावर आहेत हे सगळ्या शहराला दिसत होतं.

माझं मागणं भाड्याच्या, महापालिकेच्याच मालकीत राहणाऱ्या घरांचं आहे, जी कधीच विकता येणार नाहीत. मजूर अड्ड्यांजवळ कुटुंबासह राहता येईल अशी वसतिगृहं हवीत, कारण नवरा एका निवाऱ्यात आणि बायको-मुलं दुसऱ्यात, असं असेल तर ती फुटपाथच निवडतील. बांधकामाला परवानगी देताना मजुरांच्या राहण्याची जागा नकाशावर दाखवायला लावावी आणि ती प्रत्यक्ष पाहूनच पुढचा टप्पा मंजूर करावा. आणि प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात एक खिडकी, जिथे बेघर माणसाचा अर्ज घ्यावाच लागेल आणि उत्तर त्याच दिवशी, लेखी द्यावं लागेल. वाघोली २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे. पहिली खिडकी तिथेच उघडावी.