‘चालतंय ना, मग हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘मशीन चालतंय ना? मग हात लावू नका. मेंटेनन्ससाठी थांबवलेला प्रत्येक तास म्हणजे बुडालेलं उत्पादन. शिवाय उघडलं की नवा बिघाड ठरलेला.’ कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातला शेवटचा मुद्दा काहीसा खरा आहे. बाकीचे नाहीत.

आधी ‘चालतंय’ म्हणजे काय ते पाहू. शिफ्ट ४८० मिनिटांची, मिनिटाला एक पार्ट. मशीन ६० मिनिटं बंद राहिलं. उरलेल्या वेळात ४२० पार्ट निघायला हवेत, निघाले ३५०. त्यातले १४ रिजेक्ट. हाती चांगले ३३६, म्हणजे ओईई (पूर्ण वेळात निघायला हव्या असलेल्या पार्टपैकी चांगले किती निघाले ते प्रमाण) ७० टक्के. बुडाले १४४, पण ब्रेकडाऊनच्या वहीत दिसतात फक्त ६०. बाकीचे ८४ चालत्या मशीननेच खाल्ले! बेअरिंग आवाज करतं म्हणून फीड (कापताना हत्यार पुढे सरकण्याचा वेग) उतरवलेला, सेन्सरवर चुरा बसून मशीन सारखं अडतंय, स्पिंडल (मशीनचा फिरता दांडा) ढिला होऊन माप सुटतंय. याची नोंद कुणीच ठेवत नाही.

थांबवलेल्या तासाचं म्हणाल, तर तो तास आपण निवडतो. पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवारची सुट्टी असते, तेव्हा काम उरकता येतं. ब्रेकडाऊन वार बघून येत नाही. ग्रीसअभावी जाम झालेलं बेअरिंग शाफ्टही खराब करतं.

आता उघडल्यावर होणारा बिघाड. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गस्त घालणाऱ्या ब्रिटिश कोस्टल कमांड या हवाई दलाच्या विभागातल्या विमानांची दर ५० उड्डाणतासांनी तपासणी होई. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाच्या गटाला दिसलं की तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. म्हणून विनाकारण खोलाखोल नकोच. पण देखभाल म्हणजे फक्त खोलणं नव्हे. पुसणं, तेलाची पातळी बघणं, ढिले नट आवळणं, आवाज ऐकणं यासाठी मशीन उघडावं लागत नाही. जपानच्या निप्पॉनडेन्सो या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने हीच रोजची कामं ऑपरेटरकडे दिली आणि १९७१ साली त्यांना त्याबद्दल पुरस्कार मिळाला. मेंटेनन्सवाला बोलावल्यावर येतो, ऑपरेटर मात्र अख्खी शिफ्ट मशीनजवळ असतो. आवाज बदलला की सर्वांत आधी त्यालाच कळतं.

फक्त हे काम त्याच्यावर टाकून टार्गेट तेवढंच ठेवू नका. मग तो मशीनकडे न बघताच चेकलिस्टवर टिका मारतो, आणि त्यात दोष त्याचा नसतो. रोजची १० मिनिटं द्या आणि तेवढे १० पार्ट टार्गेटमधून वजा करा.