लोक येत नाहीत की येऊ दिले जात नाहीत?

'गावकऱ्यांनाच विकासकामांत रस नाही, ग्रामसभेची गणपूर्ती होत नाही' हे ग्रामसभांवरच्या लेखातलं वाक्य मला मुळीच पटलं नाही. कायद्याने गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला हव्या असलेल्या किमान हजेरीला, लागतात 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे. एवढी माणसं गावात मिळत नाहीत? आमच्याकडे सभा ठेवायचे सकाळी अकराला, ऐन कांदा लागवडीत. बायका रोजंदारीवर, गडी शेतात. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! पुढे रजिस्टर घरोघरी सह्यांना फिरायचं. माझ्या आईने अशी सही दोनदा केली, विषय काय होता ते तिला आजही माहीत नाही.

गेल्या वर्षी काही तरुणांनी हट्ट धरून सभा रात्री आठला मारुतीच्या देवळापुढे घ्यायला लावली. विषय एकच, पाण्याची पाइपलाइन कुठून न्यायची. बसायला जागा उरली नाही. वरच्या आळीतल्या बायकांनी उतार कुठे आहे ते सांगितलं, आणि आखणी बदलली. हिवरे बाजार या गावात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून मग पिकं ठरतात, म्हणून तिथे लोक येतात. आमच्याकडे एरवी निर्णय आधी होतो, सभा नंतर.