समीकरण अचूक, म्हणून उत्तरही अचूक?

फोटॉनिक क्रिस्टल म्हणजे ठरावीक अंतराने छिद्रं किंवा पोकळ्या असलेली, प्रकाशाला अडवणारी रचना. तिच्याबद्दल एक दावा बराच फिरतो: "प्रकाशाचे नियम मॅक्सवेलच्या समीकरणांत पूर्ण आले आहेत. रचना संगणकात भरली की येणारं उत्तर प्रयोगाइतकंच पक्कं. मग लॅबवर खर्च कशाला?" पुरावा म्हणून १९९० चा किस्सा सांगतात.

तो किस्सा खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. १९८९ मध्ये याब्लोनोविच आणि ग्मिटर यांनी मायक्रोवेव्हवर मोजमापं घेऊन, फेस-सेंटर्ड क्युबिक मांडणीतल्या (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर) गोल पोकळ्यांमध्ये पूर्ण बँड गॅप, म्हणजे कोणत्याच दिशेने प्रकाश जाऊ शकत नाही असा वारंवारितांचा पट्टा, मिळाल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी हो, चॅन आणि सुकुलिस यांच्या गणिताने ते खोडून काढलं. दुसरा आणि तिसरा बँड (प्रकाश जाऊ शकतो असे वारंवारितांचे पट्टे) एका ठिकाणी चिकटतात, त्यामुळे तिथे गॅप नाही. हिऱ्यासारख्या मांडणीत मात्र ती मिळते, असं त्यांनी दाखवलं. इथे गणित जिंकलं, मान्य. पण त्याच सुमाराची स्केलर (क्षेत्राला दिशा न देता नुसती संख्या मानणारी) गणितं फसवी ठरली होती, कारण त्यांनी प्रकाशाचं ध्रुवीकरणच, म्हणजे क्षेत्राच्या डोलण्याची दिशा, सोडून दिलं होतं. आणि १९९२ मध्ये सोझुअर, हॉस आणि इंगुवा यांनी त्याच 'नापास' मांडणीत आठव्या आणि नवव्या बँडच्या दरम्यान पूर्ण गॅप दाखवली. ज्यांच्या बेरजेतून उत्तर बांधतात त्या प्लेन वेव्ह (साध्या सपाट लाटा) कमी घेतल्या तर उत्तर किती घसरतं, हाच त्यांच्या लेखाचा विषय होता. म्हणजे संगणकाचं नेमकं कोणतं उत्तर प्रयोगाइतकं पक्कं मानायचं?

"समीकरणं अचूक आहेत." आहेतच. पण एफडीटीडी ही संगणकावरची नेहमीची पद्धत जागा आणि काळ यांचे तुकडे पाडून त्यांचं तुकड्यांतलं रूप सोडवते. यी यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या चौकोनी जाळीवर क्रिस्टलमधल्या गोल छिद्राची कड पायऱ्यापायऱ्यांची होते. सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.५, हवेचा १. विद्युतक्षेत्र नेमकं त्या कडेवरच उडी घेतं, आणि सगळ्यात मोठी चूकही तिथेच शिरते.

"मग जाळी बारीक करा." त्रिमितीत जाळीचं अंतर निम्मं केलं की मेमरी आठपट लागते. कालपाऊलही निम्मं करावं लागतं, म्हणून गणन सोळापट. तेवढं यंत्र असलं तरी सीमेचा, म्हणजे गणनाची जागा जिथे संपते तिथल्या लाटांचा, प्रश्न उरतो. बेरेंजर यांचा १९९४ चा पीएमएल थर (कडेला लावायचा शोषक थर) एकसंध माध्यमात लाटा सुंदर शोषतो. क्रिस्टलच त्या थरात घुसवला तर तो परावर्तन करतो, आणि ते जाळी बारीक करून जात नाही. इथे अनेक जण फसतात, कारण चित्र दिसायला अगदी व्यवस्थित येतं.

राहिला लॅबचा खर्च. २००३ मध्ये क्योटोत नोदा यांच्या गटाने छिद्रांच्या सिलिकॉन क्रिस्टलमध्ये तीन छिद्रं गाळून प्रकाश कोंडणारी पोकळी केली, तिच्या दोन्ही टोकांची छिद्रं शेजारच्या दोन छिद्रांमधल्या अंतराच्या ०.१५ पट बाहेर सरकवली आणि क्यू (प्रकाश किती काळ कोंडून राहतो याचं माप) ४५,००० मोजला. कल्पनेला आधार गणिताचा होता. पण मोजलेल्या क्यूमध्ये आदर्श रचनेच्या गळतीबरोबर छिद्रांच्या आकारातल्या आणि जागेतल्या नॅनोमीटरभर चुकांची गळतीही मिसळलेली असते. त्या चुका किती, हे इनपुट फाइलला माहीत नसतं. ते सिलिकॉनवर मोजूनच कळतं.