लसीनंतर फिट आली म्हणजे लसीनेच मेंदू बिघडवला?

फिरणारा संदेश थोडक्यात असा: ‘पाच-सहा महिन्यांच्या धडधाकट बाळाला लस टोचली, रात्री ताप येऊन अर्धा तास फिट आली, पुढे फिट्स थांबेनात, वाढ खुंटली. घराण्यात कुणाला हा आजार नाही, एमआरआय स्वच्छ. म्हणजे लसीनेच मेंदू बिघडवला, पुढच्या लसी देऊ नका.’ अशी कहाणी ऐकली की आधी ड्राव्हे सिंड्रोमचा, म्हणजे जनुकातील दोषामुळे तान्हेपणी सुरू होणाऱ्या फिट्सच्या आजाराचा, संशय घ्यायला हवा.

लसीने ताप येतो आणि या मुलांना तापात फिट येते, इतपत खरे. पण मूळ दोष जन्माआधीचा आहे. एससीएन१ए या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असते, त्यामुळे एका प्रकारचे सोडियम चॅनेल (मेंदूच्या पेशींत सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारे) निम्मेच बनतात. त्यांची सर्वांत जास्त गरज मेंदूला आवर घालणाऱ्या पेशींना असते. त्या ढिल्या पडल्या की फिट येते. मग पाच-सहा महिने बाळ ठीक कसे? सुरुवातीला हे काम दुसरे चॅनेल सांभाळते, ते ओसरू लागते तेव्हा उणीव उघडी पडते. ऑस्ट्रेलियात २००६ साली ‘लसीमुळे मेंदूला इजा’ असा शिक्का बसलेल्या १४ जणांची तपासणी झाली. ११ जणांत याच जनुकात दोष निघाला. पुढे २०१० मध्ये, लसीच्या आसपास फिट्स सुरू झालेल्या आणि न झालेल्या ड्राव्हेच्या मुलांची तुलना झाली. बौद्धिक वाढीत फरक नव्हता.

‘घराण्यात नाही’ याने काही सिद्ध होत नाही. बहुतेक मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. ‘एमआरआय स्वच्छ’ हेही तसेच. सुरुवातीला ईईजीसुद्धा (मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख) नॉर्मल येतो. वर्षाच्या आत, तापात, कधी डाव्या तर कधी उजव्या अंगाला लांबलेली फिट येत असेल तर जनुकतपासणी करा. सिक्वेन्सिंगमध्ये (जनुकाची अक्षरे क्रमाने वाचण्यात) काही निघाले नाही तर एमएलपीएबद्दल (जनुकाचे गळालेले तुकडे शोधणारी तपासणी) विचारा. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असला तर तो साध्या सिक्वेन्सिंगमधून निसटू शकतो.

या संदेशाचा खरा धोका इथे आहे. लसीला दोष देऊन तपासणी टाळली, तर कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन चालूच राहते. ही औषधे सोडियम चॅनेलच अडवतात. आधीच निम्मे, त्यात तेही अडले की फिट्स वाढतात. सुरुवातीला सहसा व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम वापरतात. मात्र चालू औषध मनाने बंद करू नका, न्यूरोलॉजिस्टकडूनच बदलून घ्या.

लसी थांबवल्या तरी फिट्स थांबत नाहीत, उलट गोवर आणि डांग्या खोकल्याला दार उघडे राहते. पेंटाव्हॅलंट किंवा डीपीटीनंतरचा ताप साधारण पहिल्या ४८ तासांत येतो, गोवर-रुबेलानंतरचा ५ ते १२ दिवसांनी. तेवढे दिवस थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल हाताशी ठेवा. मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे घरात हवाच. किती फवारे ते बाळाच्या वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि वजन वाढले की पुन्हा विचारा. फिट पाच मिनिटांवर गेली की स्प्रे मारून दवाखाना गाठा. आणि बाळाला कढत पाण्याने न्हाऊ घालणे बंद करा. ताप नसतानाही त्या उष्णतेने फिट येऊ शकते. कोमट पाणी पुरते.