मुरलेलं मांजर

पार्सल लिफ्टमध्ये आलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नाक वर केलं.

"बरणी फुटली वाटतं?"

"फिल्म आहे काकू. सोळा एमएम रुंदीची. फेलिक्स मांजराचं कार्टून."

"मग आंबट कशानं झालं?"

"ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म सडायला लागली की ॲसेटिक आम्ल सुटतं. व्हिनेगरच ते."

"उन्हात ठेवा."

"उष्णतेनं आणि दमटपणानं तर वाढतं! शेजारच्या रिळांनाही लागतं."

"मग वेगळं ठेवा की. खराब फोड बरणीत कोण ठेवतं? आणि झाकण गच्च लावू नका, वाफ कोंडते." त्या उतरल्या. दार बंद होता होता आवाज आला, "मांजराचं लोणचं, बाई बाई!"

विक्रेत्यानं लिहिलं होतं, 'उत्तम स्थिती, अस्सल १९२६'. काकूंना दोन मजल्यांत कळलं ते या गृहस्थाला कळू नये? १९२६ कशावरून, तर फिल्म कोणत्या साली बनली ते सांगणाऱ्या कडेच्या खुणेवरून. कोडॅकच्या या खुणा दर वीस वर्षांनी त्याच फिरून येतात. १९४६ लाही तीच, १९६६ लाही तीच. आणि फिल्म ओढायची भोकं एकाच बाजूला, दुसरीकडे ध्वनिपट्टी! सोळा एमएमवर आवाज आला तोच मुळी तिशीच्या दशकात. दोन्हीकडे दात असलेल्या जुन्या मूक प्रोजेक्टरवर हे चढवलं, तर दात ध्वनिपट्टीतच नवी भोकं पाडतील.

वर संगीत चिकटवलेलं, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींची सक्ती. २५० फुटांत दहा हजार चौकटी. मूकपटाच्या अठरा चौकटींच्या गतीनं सव्वानऊ मिनिटं चालणारं मांजर सात मिनिटांत उरकतं. शेपूट काढून तिचा हवा तो उपयोग करायचा, डोक्यावरचं प्रश्नचिन्ह पकडून हत्यारासारखं वापरायचं, सगळी मजा त्या विचार करून थांबण्यात. घाईत ते नुसतं पळतं. ऑटो मेसमरनं १९१९ मध्ये हे मांजर चालतं केलं, पडद्यावर नाव लागलं स्टुडिओमालक पॅट सलिव्हनचं. मेसमरनं निमूट सोसलं. माझ्यात ती सोशिकता नाही.

पोलादी पट्टी लावली. शंभर भोकांचं अंतर ७६२ मिलिमीटर हवं, भरलं ७५३. एक टक्क्याच्या वर आकसली की फिल्म दातांवर नीट बसत नाही, फाटते. फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्या हलवून केलेली 'आगकाड्यांची मौज' आज बघायलाच मिळत नाही. जे उरलंय, ते असल्या लोकांच्या हाती.

तक्रार केली. उत्तर आलं: 'जुन्या वस्तूंना वास असतोच. परतीचा टपालखर्च तुमचा.' तो खर्च फिल्मच्या किमतीहून जास्त आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.